पाळी ३४ दिवसांची आणि ॲप म्हणतं १४वा दिवस, मग दिवस राहणार कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं वय २९, मिस्टरांचं ३३. लग्नाला दोन वर्षं झाली, गेले ७ महिने प्रयत्न चालू आहेत. पाळी नियमित पण ३२ ते ३६ दिवसांनी येते. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, मी साताऱ्याला सासरी, ते आठवड्याच्या सुट्टीला येतात. ॲपमध्ये १४वा दिवस दाखवतं, त्याच्या आसपास जमेल तसे संबंध ठेवतो. नंतर सगळं बाहेर येतं, उशी घेऊन झोपले तरी. सोनोग्राफी नॉर्मल, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) २.१ आलाय. मिस्टर तपासणीला तयार नाहीत, म्हणतात मला काही प्रॉब्लेम नाही. घरचे म्हणतात आता डायरेक्ट टेस्ट ट्यूब करून टाका. काय करू?"

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी आजार कमी आणि तारखांची गडबड जास्त दिसतेय. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय, आणि असे प्रश्न घेऊन येणाऱ्या जोडप्यांमध्ये फाइल जाडजूड असते, बायकोच्या रक्ताचे डझनभर रिपोर्ट असतात, पण दोन गोष्टी कुणी केलेल्याच नसतात, एक म्हणजे पाळीचा हिशोब नीट लावलेला नसतो आणि दुसरं म्हणजे नवऱ्याच्या वीर्याची साधी तपासणी झालेली नसते. तुमच्याकडेही तेच दिसतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी १४व्या दिवसाचं बघू. हा आकडा आला २८ दिवसांच्या पाळीवरून. पाळीचे दोन भाग असतात, पहिल्या भागात अंडाशयात बीज तयार होतं आणि दुसरा भाग बीज फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा. यातला दुसरा भाग बहुतेक बायकांमध्ये साधारण १४ दिवसांचा असतो, एखाद-दोन दिवस इकडेतिकडे. कमीजास्त होतो तो पहिला भाग. म्हणजे पाळी लांबते तेव्हा बीज फुटायलाच उशीर झालेला असतो, फुटल्यानंतरचे दिवस फार वाढत नाहीत. म्हणून हिशोब पुढून करायचा नसतो, पुढच्या पाळीच्या तारखेपासून मागे १४ दिवस जायचं असतं. तुमची पाळी ३२ दिवसांनी आली तर बीज साधारण १८व्या दिवशी फुटलेलं, ३६ दिवसांनी आली तर २२व्या. मग १४व्या दिवशी संबंध येऊन त्याचा उपयोग किती, तुम्हीच बघा.

उपयोग अजिबातच नाही असं मी म्हणत नाही कारण शुक्राणू आत काही दिवस जगतात. स्त्रीबीज मात्र फुटल्यावर १२ ते २४ तासच कामाचं राहतं. या दोन गोष्टी एकत्र केल्या की गर्भ राहू शकेल असे पाळीतले दिवस निघतात ते फक्त सहा, बीज फुटायच्या आधीचे पाच आणि फुटण्याचा एक. हे नुसतं पुस्तकातलं गणित नाही, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ बायकांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून हे शोधलं आणि १९९५ साली छापलं, त्यात जेवढ्या गर्भधारणा झाल्या त्या सगळ्या या सहा दिवसांतल्या संबंधातूनच. पाच दिवस आधीच्या संबंधातून दिवस राहण्याची शक्यता साधारण १० टक्के, आणि बीज फुटण्याच्या दिवशी ३३ टक्के. बीज फुटून दुसरा दिवस उजाडला की संपलं. त्याच माहितीवरून पुढे २००० साली त्यांनी हेही दाखवलं की हे सहाही दिवस १० ते १७ तारखेच्या आत बसतात अशा बायका फक्त ३० टक्क्यांच्या आसपास, बाकीच्यांचं आधी तरी असतं किंवा नंतर तरी. तारीख म्हणजे पाळीचा दिवस बरं का, कॅलेंडरची नाही.

आता तुमचे ७ महिने मोजू. ७ महिने म्हणजे २१० दिवस, त्याला ३४ ने भागलं तर जेमतेम ६ पाळ्या. २८ दिवसांवाल्या बाईला वर्षात १३ संधी मिळतात, तुम्हाला १०-११च. त्यात मिस्टर आठवड्यातून एकदा येणार, आणि कामाचे दिवस सहाच. म्हणजे एखाद्या महिन्यात त्यांची सुट्टी बीज फुटायच्या आदल्या दिवशी पडली असेल, एखाद्या महिन्यात पाच दिवस आधी, आणि एखाद्या महिन्यात फुटून गेल्यावर. त्यात तुम्ही ॲपवर विश्वास ठेवून १४च्या आसपास जवळ आलात आणि पुढच्या सुट्टीला "आता काय, दिवस गेले" म्हणून सोडून दिलं असेल तर खऱ्या अर्थाने योग्य वेळी प्रयत्न झालेत असे महिने दोन-तीनच निघतील. आणि सगळं व्यवस्थित असलेल्या तरुण जोडप्यालासुद्धा एका पाळीत दिवस राहण्याची शक्यता २० ते २५ टक्के एवढीच असते. माणसाचं प्रजनन तसं मंदच आहे, पहिल्या महिन्यात राहिलं नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय असं अजिबात नाही. १०० जोडप्यांत ८०-८५ जणांना वर्षभरात दिवस राहतात, आणि उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. म्हणूनच वयाच्या पस्तिशीच्या आत असलेल्यांना आम्ही एक वर्ष नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत तरच वंध्यत्वाच्या तपासण्या सुचवतो, पस्तिशीच्या पुढे ६ महिने.

बीज फुटणार हे कसं ओळखायचं? सगळ्यात चांगली खूण फुकट आहे आणि बायकांना ती लहानपणापासून दिसत असते पण कुणी सांगितलेलं नसतं. पाळी संपल्यावर दोन-चार दिवस खाली कोरडं असतं, मग थोडं चिकट, मलईसारखं पांढरं दिसायला लागतं, आणि बीज फुटायच्या दोन-तीन दिवस आधी ते एकदम बदलतं, पारदर्शक, बुळबुळीत, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं. अंगठा आणि तर्जनीत घेऊन बोटं हळूच लांब केली तर तार येते, चार-पाच सेंटीमीटर, कधी त्याहून जास्त, आणि तुटत नाही. कितीतरी बायका हे "अंगावरून पांढरं जातंय" म्हणून घाबरून औषध मागायला येतात. खाज नाही, वास नाही, महिन्यातून तीन-चार दिवसच असं होतं, तर तो आजार नाही, तेच तुमचे दिवस आहेत. बीज फुटलं की हाच स्राव एका दिवसात घट्ट, पांढरट होतो आणि मग कोरडं.

हे का होतं ते समजून घ्या म्हणजे बाकीचं सगळं आपोआप कळेल. पाळीच्या सुरुवातीला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच नावाचं हार्मोन येतं, त्याने अंडाशयातल्या काही बारीक फुग्या वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाते आणि बाकीच्या सुकतात. पुढे गेलेली ही फुगी, म्हणजे फॉलिकल, रोज साधारण २ मिलिमीटरने वाढते आणि वाढता वाढता इस्ट्रोजेन सोडते. इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर जाड करतं आणि गर्भाशयाच्या तोंडाशी तो तार येणारा स्राव तयार करतं. म्हणजे तार दिसली याचा अर्थ आत फुगी मोठी झालीय. इस्ट्रोजेन वाढून वाढून एका पातळीवर दीड-दोन दिवस टिकलं की पिट्युटरीतून एलएच नावाचं दुसरं हार्मोन एकदम उसळतं आणि त्या उसळीनंतर २४ ते ३६ तासांत फुगी फुटते. फॉलिक्युलर स्टडीत आम्ही सोनोग्राफीवर हेच बघतो, आज १८ ते २२ मिलिमीटरचा काळा गोल दिसतो, कडा स्वच्छ, आणि परवा बघावं तर तो आकसलेला, कडा वेड्यावाकड्या, आणि पिशवीच्या मागे थोडंसं पाणी. एवढंच. कुणाला त्या दिवशी एका बाजूला ओटीपोटात कळ येते, कुणाला काही कळतही नाही.

मेडिकलमध्ये मिळणारं ओव्ह्युलेशन किट ही एलएचची उसळच पकडतं. तुम्ही १३व्या दिवसापासून रोज दुपारी एकदा करा, त्याआधी दोन तास जास्त पाणी पिऊ नका, आणि पॉझिटिव्ह आलं की तो दिवस आणि दुसरा दिवस सोडू नका. पण एक लक्षात घ्या, फक्त किट पॉझिटिव्ह येण्याची वाट बघत बसलात तर आधीचे चांगले दोन-तीन दिवस जातात. पीसीओएस, म्हणजे अंडाशयात बऱ्याच बारीक फुग्या राहून पाळी अनियमित होण्याचा त्रास असेल तर एलएच आधीच वाढलेलं असू शकतं आणि किट उगाचच पॉझिटिव्ह येत राहतं, तुमचं तसं दिसत नाही. सकाळच्या तापमानाचा तक्ता बऱ्याच जणी ठेवतात, बीज फुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस वाढतं हे खरं, पण ते वाढलेलं दिसतं तोवर बीज गेलेलं असतं, त्यामुळे बीज फुटतंय की नाही एवढं कळायला ठीक, दिवस ठरवायला नाही. ॲप तर तुमच्या शरीरातलं काहीच बघत नाही, जुन्या तारखांची सरासरी काढतं.

आता ते बाहेर येण्याबद्दल. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जोडपं विचारतं आणि बायका तर रडून विचारतात, की डॉक्टर माझ्या पिशवीत काही राहतच नाही. ऐका, बाहेर येणारच. वीर्य सुरुवातीला घट्ट गोळ्यासारखं असतं आणि १५ ते ३० मिनिटांत पातळ होतं, पातळ झालं की खाली वाहून येतं, सगळ्यांचं येतं, मुलं झालेल्यांचंही. त्यातलं बहुतेक सगळं प्रोस्टेट आणि वीर्यकोशातलं पाणी असतं, शुक्राणूंचा वाटा १०० भागांत ५ भागसुद्धा नसतो. योनीत आम्ल असतं, तिथे शुक्राणू फार वेळ टिकत नाहीत, पण तार येणारा स्राव असेल तर चांगले पोहणारे शुक्राणू काही मिनिटांतच त्यात शिरतात आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या आतल्या बारीक घड्यांमध्ये जाऊन बसतात, तिथून पुढे दोन-तीन दिवस थोडेथोडे वर निघत राहतात. घट्ट स्राव असेल तर हेच दार बंद असतं, आणि म्हणूनच पाळीतल्या बाकीच्या काळात गर्भ राहत नाही. त्यामुळे उशी घ्यायची, पाय भिंतीला लावायचे याची गरज नाही, दहा-पंधरा मिनिटं साधं पडून राहिलात तर मनाला बरं वाटतं एवढंच. लगेच आतून पाण्याने धुऊ नका मात्र. आणि कोरडेपणासाठी बाजारातली जेल वापरत असाल तर थांबवा, बऱ्याच जेल शुक्राणूंची हालचाल मंदावतात, थुंकीसुद्धा.

पुढचा प्रवास तर मला इतकी वर्षं झाली तरी दरवेळी थक्क करतो. एका वेळच्या वीर्यात कित्येक कोटी शुक्राणू असतात, आणि बीजापर्यंत ट्यूबच्या, म्हणजे गर्भनलिकेच्या, टोकाशी पोहोचतात ते काहीशे. वाटेत त्यांच्या डोक्यावरचं आवरण बदलतं, हा बदल एरवी बाईच्या शरीरातच होतो आणि त्याला काही तास लागतात, तो झाल्याशिवाय शुक्राणू बीजात शिरूच शकत नाही. म्हणूनच शुक्राणू आधी जाऊन थांबलेले असणं फायद्याचं, बीज फुटल्यावर धावपळ करून उपयोग नाही. बीज स्वतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढी. एक शुक्राणू आत शिरला की बीजाच्या कवचात लगेच बदल होतो आणि बाकीच्यांना ते आत घेत नाही. हे सगळं पिशवीत नाही, ट्यूबमध्ये घडतं. मग तो गर्भ तीन-चार दिवस ट्यूबमधूनच पुढे सरकत पिशवीत येतो, पाचव्या-सहाव्या दिवशी त्याचा पोकळ गोळा होतो आणि बहुतेक वेळा बीज फुटल्यापासून ८ ते १० दिवसांनी अस्तराला चिकटतो. चिकटल्यावरच एचसीजी हे गर्भाचं हार्मोन रक्तात यायला लागतं, आणि घरची युपीटी, म्हणजे लघवीची गर्भचाचणी, तेच पकडते, म्हणून पाळीच्या तारखेआधी रोज उठून टेस्ट करून स्वतःला त्रास देऊ नका. तुमच्या बाबतीत तर ॲपच्या हिशोबाने टेस्ट केली तर गर्भ चिकटायच्या आधीच निगेटिव्ह बघून तुम्ही रडत बसाल.

आणि इथपर्यंत सगळं जमूनही बरेच गर्भ पुढे जात नाहीत. बीज किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि असा गर्भ आपोआप थांबतो, कधी पाळी वेळेवर येते आणि कळतही नाही, कधी दोन-चार दिवस उशिरा येते. यात तुम्ही जिना चढलात, पपई खाल्ली, स्कूटीवर गेलात याचा काही संबंध नसतो. घरात कुणी असं म्हणत असेल तर माझं नाव सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.

एएमएच २.१ बद्दल काळजी करू नका, २९व्या वर्षी हा आकडा व्यवस्थित आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही तपासणी बीजं साधारण किती शिल्लक आहेत याचा अंदाज देते, ती चांगली आहेत का हे सांगत नाही आणि नैसर्गिक रीतीने दिवस राहतील का हेही सांगत नाही. महिन्याला फुटतं ते एकच बीज. मुलगी आईच्या पोटात २० आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात ६०-७० लाख बीजं असतात, जन्माच्या वेळी १०-२० लाख, पाळी सुरू होते तेव्हा ३-४ लाख, आणि आयुष्यभरात फुटतात ती ४००-५००. नवीन बनत नाहीत. म्हणजे बाईचं वय तेच बीजाचं वय, आणि पस्तिशीनंतर गुणसूत्रांच्या वाटणीतल्या चुका वाढतात, म्हणून आम्ही वयाबद्दल एवढं बोलतो. एएमएच चांगला असला तरी ४०व्या वर्षीचं बीज ४० वर्षांचंच असतं. तुम्ही २९च्या आहात, वेळ तुमच्या बाजूने आहे, पण म्हणून तीन वर्षं नुसती वाट बघा असं मी सांगणार नाही.

आता मिस्टरांबद्दल, आणि हे त्यांनाही वाचायला द्या. दादा, मूल न होण्याच्या साधारण निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं तरी असतं किंवा बायकोच्या कारणासोबत तरी असतं. संबंध व्यवस्थित होतात, ताकद आहे, वीर्य भरपूर येतं, यावरून त्यात शुक्राणू किती आहेत हे कुणालाही सांगता येत नाही, मला नाही आणि तुम्हालाही नाही. दिसायला अगदी नॉर्मल वीर्यात शुक्राणू शून्य असलेले तगडे, निरोगी पुरुष आम्ही बघतो, आणि "वीर्य पातळ झालंय" म्हणून वर्षानुवर्षं चूर्णं खाल्लेल्या माणसाचा रिपोर्ट एकदम चांगला येतो. दिसण्यावर काही नाही, मायक्रोस्कोपखालीच कळतं. बायकोच्या ट्यूबची तपासणी म्हणजे एचएसजी, त्यात पोटात कळा येतात, लॅप्रोस्कोपी म्हणजे भूल देऊन ऑपरेशन, आणि तुमची तपासणी म्हणजे एका डबीत नमुना देणं. मग आधी काय व्हायला पाहिजे? माझ्याकडे नवऱ्याचा रिपोर्ट नसताना मी बायकोला एचएसजीला पाठवत नाही, हा माझा नियम आहे आणि यावरून घरच्यांशी वाद झाला तरी मी तो सोडत नाही.

नमुना देताना आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन नको, फार कमीही नको आणि १५ दिवस साठवूनही नको, जास्त साठवलं की संख्या वाढते पण हालचाल मंदावते. शक्यतो लॅबमध्येच द्या, घरून आणायचा तर अंगाच्या उबेत खिशात ठेवून तासाभरात पोहोचवा, आणि पहिला थेंब सांडला असेल तर तसं सांगा कारण सगळ्यात जास्त शुक्राणू सुरुवातीच्या भागात असतात. साध्या कंडोममध्ये आणू नका, त्यात शुक्राणू मारणारं किंवा मंदावणारं रसायन असू शकतं. रिपोर्टमध्ये २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार वीर्याचं प्रमाण १.४ मिली, संख्या एका मिलीत १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के आणि नीट आकाराचे ४ टक्के, ही खालची रेघ आहे. "फक्त ४ टक्के नॉर्मल" वाचून लोक हादरतात, पण माणसाच्या वीर्यात एवढेच असतात, घाबरू नका. या रेघेच्या थोडं खाली आलं म्हणजे बाप होता येणार नाही असं नाही, आणि वर आलं म्हणजे गॅरंटी नाही. एका रिपोर्टवर कधीच निर्णय घ्यायचा नाही.

कमी आला तर काही आठवड्यांनी किंवा तीन महिन्यांनी परत करायचा. तीन महिने अशासाठी की शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२-७४ दिवस लागतात आणि पुढे परिपक्व होऊन बाहेर यायला आणखी दहा-बारा दिवस, म्हणजे आजचा रिपोर्ट अडीच-तीन महिन्यांपूर्वीची तब्येत सांगतो. गणपतीत डेंग्यू झाला असेल, चार दिवस १०३ ताप असेल, तर दिवाळीतला रिपोर्ट खराब येणारच. अंडकोष शरीराबाहेर आहेत ते याचसाठी, त्यांना अंगापेक्षा २-३ अंश कमी तापमान लागतं. मिस्टर कंपनीत भट्टीजवळ, वेल्डिंगवर किंवा पेंट शॉपच्या ओव्हनवर असतील तर डॉक्टरांना ते सांगा, हे कुणी विचारत नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू यांचा परिणाम होतोच, आणि ताई, मिशरी लावत असाल तर तुम्हीही सोडा, तोही तंबाखूच. आणि जिममध्ये बॉडी बनवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर ती आजच बंद, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी आपलं एफएसएच-एलएच बंद करते आणि शुक्राणू शून्यावर येतात. पिळदार शरीर आणि रिपोर्टमध्ये शून्य, हे हल्ली पंचविशी-तिशीच्या मुलांमध्ये दिसतंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं पण महिने लागतात.

तर तुम्ही करायचं काय. पाळीच्या १२व्या दिवसापासून २२व्या दिवसापर्यंत दोघं एका घरात असलं पाहिजे, आणि त्या काळात दिवसाआड किंवा दोन दिवसांनी संबंध, तार दिसायला लागली की रोज आले तरी चालतील, रोज आल्याने शुक्राणू संपत नाहीत. मिस्टरांना एवढी सुट्टी मिळणार नाही हे मला माहितीय, मग तुम्ही चाकणला जा. सासूबाईंना स्पष्ट सांगा की डॉक्टरांनी दहा दिवस तिकडे राहायला सांगितलंय. मूल हवं म्हणून घरचे घाई करतात आणि नवरा-बायकोला महिन्यातले दहा दिवस एकत्र राहू देत नाहीत, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय, आणि तिथे औषध देऊन काय होणार? संबंधच नीट होत नसतील, दुखत असेल, आत जात नसेल, तर तेही लाजू नका, सांगा, लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही प्रत्यक्ष संबंध न आलेली जोडपी असतात आणि त्यावर उपाय आहेत. आणि मुलगा व्हावा म्हणून सम-विषम दिवस बघू नका, मुलगा की मुलगी हे शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर ठरतं, दिवसावर नाही, आणि कुठे लिंगनिदान करून देतो म्हणणारा भेटला तर तो गुन्हा आहे, १९९४ सालचा कायदा आहे.

फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज आजपासूनच सुरू करा, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधी ते पोटात पाहिजे कारण बाळाचा मणका बंद होतो तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर आणि थॅलेसेमियासाठी एचबीए२ एवढं करून घ्या, माहेर विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं असेल तर सिकलसेलही. रुबेलाची लस झालेली नसेल तर आधी घ्या आणि त्यानंतर एक महिना थांबा.

टेस्ट ट्यूब, म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर लॅबमध्ये एकत्र करण्याचा आयव्हीएफ उपचार, याबद्दल घरच्यांना एवढंच सांगा. हा उपचार मुळात बंद ट्यूबसाठी आला, १९७८ साली इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली, तिच्या आईच्या ट्यूब बंद होत्या. आपल्या मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांनी ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, फार मोठं काम आहे ते आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी आयव्हीएफ म्हणजे खरोखर वरदान. पण २९ वर्षांची बाई, नियमित पाळी, नवऱ्याची तपासणी नाही, ट्यूब तपासल्या नाहीत, दिवस जुळलेले नाहीत, तिला कुणी थेट आयव्हीएफ सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

वर्षाची वाट न बघता लवकर डॉक्टरांकडे जा असं मी कुणाला सांगते? पाळी ३८ दिवसांपेक्षा जास्त लांबायला लागली किंवा फार लवकर यायला लागली, पाळीत किंवा संबंधाच्या वेळी खोलवर खूप दुखतं, पूर्वी टीबी झालाय, अपेंडिक्स फुटलं होतं, पोटाचं ऑपरेशन झालंय. टीबी मुद्दाम म्हणते, फुप्फुसाचा टीबी लहानपणी होऊन गेला आणि विसरला गेला तरी तो ट्यूबमध्ये गुपचूप राहू शकतो आणि आपल्याकडे ट्यूब बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. मिस्टरांच्या बाबतीत लहानपणी अंडकोष खाली न उतरणं, हर्नियाचं ऑपरेशन, किंवा वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजणं, यातलं काही असेल तर आधी सांगा.

यातलं काही नसेल तर वीर्याची तपासणी या महिन्यातच करा, आणि तारखा जुळवून आणखी पाच-सहा पाळ्या प्रयत्न करा. तरीही नाही राहिलं तर मग ट्यूबची तपासणी, फॉलिक्युलर स्टडी, पुढचं सगळं. आणि पाळी चुकून युपीटी पॉझिटिव्ह आली की आनंदात एक गोष्ट विसरू नका, ६-७ आठवड्यांत सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना हे बघून घ्या. त्याआधी एका बाजूला जोरात दुखायला लागलं, डाग लागले, चक्कर आली किंवा खांद्यात दुखलं तर सकाळची वाट बघू नका, गर्भ ट्यूबमध्ये असू शकतो आणि ट्यूब फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, रात्र असली तरी जिथे ऑपरेशनची सोय आहे अशा हॉस्पिटलला निघा.